सिस्टरबरोबर जुन्या ठाण्यात चार दिवस

८ एप्रिल

दर तीन वर्षांनी ती रजेवर येते तेव्हा आमचं ठरलेलं असतं, चार दिवस कुठेतरी जाऊन यायचं. माथेरान झालं, गणपतीपुळे झालं, मागच्या खेपेला महाबळेश्वरात पावसाने पार धुऊन काढलं. यंदा फोनवर म्हणाली, "ठाण्यातच फिरू या की." मला वाटलं गुडघे दुखतायत म्हणून टाळतेय. तसं नव्हतं.

ती म्हणजे माझी पाचवीपासूनची मैत्रीण. चरईतली, कॅथलिक घरातली. आता सगळ्यांची सिस्टर. गेली एकोणीस वर्षं टांझानियातल्या एका आडगावात दवाखाना सांभाळते. गावाचं नाव लिहायचं नाही असा हुकूम आहे. तिथली पोरं फोनवर भाषांतर करून सगळं वाचतात म्हणे, आणि मग पंपाच्या तक्रारी चव्हाट्यावर येतील. हा पंप पुढेही येणार आहे. तिच्या बोलण्यात देवाच्या खालोखाल तोच येतो.

"उद्या ९ एप्रिल. चौघांचा दिवस. एवढ्या वर्षांत मी या दिवशी कधी घरी नव्हते," ती म्हणाली.

कोण चौघे? मी नौपाड्यात जन्मले, इथेच म्हातारी होतेय. पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला आली हे झोपेतसुद्धा सांगेन. शिलाहारांचं श्रीस्थानक माहीत, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ साली ठाणं मराठ्यांनी घेतलं ते माहीत. चौघांचं नाव मात्र कानावरून गेलेलं नव्हतं. तिने भावाच्या ओटीवर बसून, चहात खारी बुडवत सांगितलं. तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या तिबिलिसीचा, दिमित्री. फ्रान्सिस्कन पंथाचे साधू. निघाले होते चीनला, पोचले ठाण्याला, आणि १३२१ च्या एप्रिलमध्ये इथेच मारले गेले. चर्च त्यांना रक्तसाक्षी म्हणतं. १८९४ साली पोपने त्यांच्या सन्मानावर शिक्कामोर्तब केलं. २०२१ मध्ये ७०० वर्षं झाली, तेव्हा आपण सगळे मास्क लावून घरात होतो.

संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारली. कोपिनेश्वराच्या घंटा, भेळेच्या गाड्या, आणि पलीकडे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचा दर्शनी भाग. पन्नास वर्षं मी त्या चर्चला 'शाळेशेजारचं चर्च' एवढंच म्हणत आले.

परतताना चरईत तिने एका जुन्या क्रूसापाशी थांबवलं. चौथरा, त्यावर दगडी क्रूस, गळ्यात झेंडूचा शिळा हार, खाली दिव्यासाठी कोनाडा, आणि कोनाड्यात मेणाचे ओघळ. क्रूस झाकला तर खाली राहतं ते तुळशीवृंदावन. मी हे बोलून दाखवलं तर ती हसली आणि म्हणाली, "ओदोरिक वाच."

ओदोरिक हा पोर्देनोनेचा, इटलीतलाच साधू. चौघांच्या पाठोपाठ तीनेक वर्षांच्या आत ठाण्यात आला. होर्मुझहून अठ्ठावीस दिवस समुद्रात काढून. त्याने लिहून ठेवलंय की या गावात प्रत्येकाच्या दारासमोर खांबाएवढं जाड, बारीक काटक्यांचं एक झाड असतं आणि पाणी मिळतंय तोवर ते सुकत नाही. बिचाऱ्याला कोणी नाव सांगितलं नाही. पूजा करतात का, कशासाठी लावतात, काही नाही. पाणी घालतात एवढंच दिसलं. सातशे वर्षांपूर्वी परक्या डोळ्यांनी पाहिलेली तुळस! माझ्या गॅलरीतली मात्र यंदाच्या उन्हाने गेली.

९ एप्रिल

सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मी मागच्या बाकावर. उभं कधी राहायचं, बसायचं कधी, हे पुढच्या बाईच्या पदराकडे बघून जमवलं. मिस्सा आटोपून निघालो तेव्हा आठ वाजले होते आणि ऊन अकराचं होतं.

बेत असा होता की चर्चपासून जांभळी नाका, तिथून महागिरी, मग चेंदणी कोळीवाड्याकडून खाडी. गाव जेव्हा बंदर होतं तेव्हा त्याचं तोंड खाडीकडे होतं, स्टेशनकडे नव्हतं. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या शेवटी इथल्या कातड्याच्या आणि सुती कापडाच्या व्यापाराबद्दल लिहिलंय, आणि चाचेगिरीबद्दलही. तेव्हा बंदरात अरब, इराणी, गुजराती सगळ्यांची ये-जा. चौघे आले त्याच्या आदल्याच वर्षी दिल्लीच्या गादीवर घियासुद्दीन तुघलक बसला होता, आणि ठाण्यात त्या सत्तेचा मलिक, म्हणजे सुभेदार, आणि काझी होते. ख्रिस्ती लोकही होते, पण पूर्वेकडच्या नेस्टोरियन पंथाचे. ओदोरिक मोजून सांगतो, पंधरा घरं. आणि लगेच पुढे जोडतो की हे लोक पाखंडी आहेत. सिस्टर म्हणाली, "बघ, परक्या गावात आपली म्हणावीत अशी पंधरा घरं, तीही हे आपले नव्हेत म्हणणार!"

या पंधरातल्या एका घरात चौघांनी पथारी टाकली. पुढचं सगळं रामायण एका नवरा-बायकोच्या भांडणातून झालं. नवऱ्याने बायकोला मारलं. ती तडक काझीकडे गेली. काझीने विचारलं, साक्षीदार कोण? ती म्हणाली, घरात परदेशचे चार धर्मगुरू आहेत, त्यांनी पाहिलंय. तिघे कोर्टात गेले. पीटर सामान राखायला घरी थांबला.

जांभळी नाक्यावर उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभ्या होतो, तिथे सिस्टरने हा भाग सांगितला आणि ग्लास ठेवत म्हणाली, "इथेच चुकले. मला पहिल्याच आठवड्यात आमच्या मोठ्या सिस्टरने बजावलं होतं, ज्या घरात उतरशील त्या घरातलं भांडण तुला ऐकू येत नाही असं समजायचं."

"आणि बायकोला मारत असेल तर?"

यावर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी पण गेले होते एकदा साक्षीला. तिथे. पुढचे चार महिने त्या वस्तीतून एक बाई दवाखान्यात आली नाही."

कोर्टात मारहाणीचा विषय बाजूला पडला आणि धर्माची चर्चा सुरू झाली. काझी प्रश्न विचारतोय, थॉमस उत्तरं देतोय. थॉमस तेव्हा साठीचा असावा. स्वतःच्याच पंथात गरिबीच्या व्रतावरून वाद घालून तुरुंगवास भोगलेला, आर्मेनियात राहिलेला, १३०७ मध्ये चीनहून आलेलं पत्र पोपपर्यंत पोचवलेला. मागे सरणाऱ्यांतला नव्हताच. प्रेषितांबद्दल तुझं मत काय, असं विचारल्यावर त्याने जे उत्तर दिलं त्याने जमाव पेटला. ते उत्तर मी इथे लिहीत नाही. माझ्या मते त्यानेही द्यायला नको होतं. सिस्टरचं मत विचारलं तर म्हणाली, "मला मत नाही. मी नर्स आहे."

मग उन्हात उभं करणं, आगीत लोटणं, जेम्सला आगीची झळ न लागणं. हा भाग ओदोरिकच्या लेखणीत चमत्काराच्या अंगाने जातो. माझं लक्ष पुढच्या एका वाक्याने वेधलं. मलिकाने तिघांना सोडून दिलं आणि खाडीपलीकडे निघून जा म्हणून सांगितलं, तिथे एका मूर्तिपूजकाने, म्हणजे आपल्यापैकीच कोणीतरी, त्यांना घरात घेतलं. रात्री मलिकाचं मन फिरवण्यात आलं आणि चार हत्यारबंद माणसं मागावर गेली. तिघे मारले गेले तो गुरुवार होता, झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधीचा. पीटर सापडला आणि मारला गेला तो दोन दिवसांनी, ११ तारखेला. हेही ओदोरिकच सांगतो की पुढे ही बातमी दिल्लीला गेली आणि मलिकाला तिथून शिक्षा झाली.

खाडीपलीकडे म्हणजे कुठे? कळवा पुलावर उभं राहून आम्ही दोघींनी ठरवून टाकलं की कळवाच. खाली गाळ, कांदळवन, प्लास्टिक, एक बगळा. ज्याने दार उघडलं त्या माणसाचं नाव कोणी लिहिलं नाही, याची मला रुखरुख लागली.

बाजारातून परतताना गटाराच्या तोंडाशी एक घूस, चांगली मांजराएवढी, दिवसाढवळ्या कोबीचं पान ओढत होती. एक मांजर तीन हातांवरून बघत बसलं होतं, जागचं हललं नाही. ओदोरिकने ठाण्याबद्दल हेही लिहिलंय, इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात, त्यांच्यापुढे मांजरांचं काही चालत नाही, कुत्रे लागतात. मी हे वाचून सिस्टरला म्हटलं होतं, थापाड्या दिसतोय. बाजारात शब्द मागे घेतले.

१० एप्रिल

आज कुठेही गेलो नाही. तिचं पोट बिघडलं (तो उसाचा रस, मला काही झालं नाही, मी ठाण्याची). माझ्याकडेच राहिली होती. ताक-भात, पंखा, आणि जेवणाच्या टेबलावर तिचा टॅब. त्यात तिने पत्रं उतरवून आणली होती. खरी सहल आजच झाली असं मला वाटतं.

चौघांबरोबर एक पाचवा होता. सेवेराकचा जॉर्डनस, डॉमिनिकन पंथाचा, फ्रेंच. त्याला फारसी बरी येत होती म्हणून त्याला पुढे भडोचकडे पाठवलं होतं. म्हणून तो वाचला. बातमी कळल्यावर परत आला, जिनोव्हाच्या एका तरुणाच्या मदतीने मृतदेह सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, नेले आणि तिथल्या चर्चमध्ये पुरले. चौघांचा दिवस पाळतात, चित्रं काढतात. जॉर्डनसचा कोणी दिवस पाळत असेल तर निदान मला भेटलेलं नाही.

तो पळून गेला नाही. अडीच वर्षं या ठाणे-सोपारा पट्ट्यात एकटा येत-जात राहिला. पहिलं पत्र ऑक्टोबर १३२१ चं, काठेवाडातल्या घोघ्याहून, इराणात तब्रीझ वगैरे ठिकाणी असलेल्या आपल्या बांधवांना लिहिलेलं. त्यात दुःख आहे पण हिशोबही आहे. भडोचला नव्वदेक बाप्तिस्मे, नंतर आणखी विसावर, ठाणे आणि सोपारा यांच्या मधल्या भागात पस्तीस. कुठे किती माणसं पाठवावीत तेही आहे. सोपारा, भडोच, कोल्लम.

"वार्षिक अहवाल," सिस्टर म्हणाली. "मीपण असाच लिहिते. वर लहान मुलांचे फोटो, खाली आकडे, शेवटी माणूस पाठवा."

दुसरं पत्र ठाण्याहूनच आहे, जानेवारीतलं. त्याचा सूर वेगळा. चार वेळा कैदेत टाकलं, केस उपटले, दगड मारले, अंगावरचा पंथाचा झगाही राहिला नाही. हे सगळं आहेच, पण त्याच दमात शरीराची रड आहे. डोकं दुखतं, छाती दुखते, पोट दुखतं, हातपाय दुखतात. आणि एकटा आहे. सोबत कोणी नाही.

सिस्टर हे वाचताना गप्प झाली. मी भांडी विसळायला उठले तेव्हा मागून बोलू लागली, माझ्याकडे तोंड नव्हतं म्हणूनच बहुधा. पहिले सहा महिने तिला 'पोले' या एका शब्दावर काढावे लागले. स्वाहिलीत पोले म्हणजे वाईट वाटलं. कोणी पडलं, पोले. कोणाचं मूल गेलं, पोले साना. लहान मुलं 'शिकामो सिस्टर' म्हणत हात जोडून उभी राहायची, तर उत्तरात 'मराहबा' म्हणायचं हे कळायला आठवडा लागला. तोवर तीही उलट शिकामोच म्हणायची, आणि मुलं लोळून हसायची, कारण तो मान फक्त मोठ्यांना देतात. दुसऱ्या वर्षी मलेरिया. तापात तिला चरईतल्या घराच्या कौलांतून पडणारा कवडसा दिसायचा, आणि प्रार्थना मराठीतून यायची, ती शेजारच्या इटालियन सिस्टरला कळायची नाही.

"लोक मला विचारतात, तिथे धोका आहे का," ती म्हणाली. "धोका म्हणजे काय गं? पाऊस संपला की पंपाचं वॉशर जातं. तालुक्याला दोन तास. दवाखान्यात बाळंतीण, पाणी नाही. कोणी विचारत नाही की पंप कोण दुरुस्त करतं."

"कोण करतं?"

"मी."

दुपारी तिला बरं वाटलं तसा मी हापूस कापला. शेजारच्यांनी फणसाचे गरेही दिले होते. जॉर्डनसने नंतर हिंदुस्थानातल्या नवलांचं एक छोटं पुस्तक लिहिलं, १८६३ मध्ये हेन्री यूलने ते इंग्रजीत आणलं. त्यात आमचं टेबल जसंच्या तसं आहे. 'चाकी' नावाचं एक फळ, इतकं मोठं की पाच माणसांना एक पुरतं. आंब्याला त्याने 'अनिबा' लिहिलंय आणि त्याच्या गोडीचं वर्णन करता करता हात टेकलेत. ताडाची ताडी त्याला ठाऊक, नारळ ठाऊक. पारशी आपली प्रेतं न जाळता, न पुरता बिनछपराच्या बुरुजात ठेवतात तेही त्याने टिपलंय. दगड खाल्लेल्या, पोट बिघडलेल्या माणसाने एवढ्या चवीने फणसाबद्दल लिहावं, यावरून मला तो एकदम आवडून गेला.

"आमच्याकडे आंब्याला एंबे म्हणतात," सिस्टर गरा सोलत म्हणाली. "आणि याला फेनेसी."

"फणस!"

"मग? इथूनच गेलाय. पहिल्यांदा बाजारात एका बाईने 'फेनेसी' म्हणून समोर धरला ना, तेव्हा मी तिथेच रडले. तिला वाटलं महाग सांगितला. तिने दोन रुपये... दोन शिलिंग कमी केले." शिलिंगात दोनने काय होतं म्हणा, पण गोष्ट तिची आहे.

फणस खाऊन पुन्हा पोट बिघडेल ही माझी भीती खोटी ठरली.

११ एप्रिल

नालासोपारा. दिव्यापर्यंत लोकल, तिथून वसईची मेमू. गाड्या मोजक्या, त्यामुळे एक चुकली की अर्धा दिवस गेलाच. आमची चुकता चुकता मिळाली. भिवंडी, खारबाव, कामण, जूचंद्र. मध्ये खाडीवरचा पूल, मिठागरं, गोदामांची पत्र्याची छपरं. जॉर्डनसने हे अंतर होडीतून, पुढ्यात मृतदेह घेऊन, एप्रिलच्या उन्हात कापलं असेल. हे डोक्यात आल्यावर गर्दीची तक्रार करवेना.

सोपारा स्टेशनबाहेरची गर्दी वर्णन करण्यात अर्थ नाही, सगळ्यांना माहीत आहे. रिक्षाने स्तूपापाशी उतरलो. लोक याला बुरुड राजाचा कोट म्हणतात. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी इथे खणलं तेव्हा दगडी करंडक निघाला, त्यात एकात एक बसवलेल्या डब्या, सगळ्यांत आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. अशोकाच्या लेखांचे तुकडेही याच गावात मिळाले. एवढं मोठं बंदर आणि आज समुद्राचा मागमूस नाही. विटांचा उंचवटा, दोन-तीन झाडं, सावलीला पत्ते खेळणारे काका आणि क्रिकेटची पोरं. चौघांना ज्या चर्चमध्ये पुरलं त्याचा दगडही समोर नाही. सिस्टरने पायरीवर बसून मनातल्या मनात काहीतरी म्हटलं. पोरांचा चेंडू तिच्या पायाशी आला, तो तिने सरळ हाताने यष्ट्यांवर फेकला. चरईच्या गल्लीत ती यष्टिरक्षक होती, हे सांगायचं राहिलं.

हाडंही इथे टिकली नाहीत. ओदोरिक आला, त्याने ती उकरली, कापडात बांधली आणि चीनला घेऊन निघाला. चौघांना जिथे जायचं होतं तिथे. कोल्लमकडे जाताना वारा पडला. मूर्तिपूजकांनी प्रार्थना केली, मुसलमानांनी केली, मग जहाजावरच्यांनी यांना सांगितलं, आता तुम्ही करा. ओदोरिकने हळूच एक हाड सोबत्याच्या हाती देऊन समुद्रात टाकायला लावलं आणि शिडं भरली. चीनच्या बंदरात झडती होती. मेलेल्या माणसाची हाडं सापडली तर धडगत नव्हती. झडतीवाल्यांना ती सापडली नाहीत. झैतूनला, म्हणजे आजच्या च्वानझौला, फ्रान्सिस्कनांच्या मठात ती ठेवली गेली.

"माझ्या लोणच्याचंही असंच होतं," सिस्टर म्हणाली. "दार एस सलामला दर वेळी बॅग उघडतात. मी म्हणते, अचारी. त्यांच्याकडेही लोणच्याला अचारीच म्हणतात. वास घेतात आणि बंद करतात."

जॉर्डनसला १३२९ मध्ये पोपने कोल्लमचा बिशप नेमलं. अडीच वर्षं पोट धरून बसलेल्या माणसाला बढती मिळाली म्हणून आम्ही स्टेशनवर दोन कटिंग मागवले.

घरी पोचायला सात वाजले. ती बॅग भरायला बसली, परवा रात्रीचं विमान. तेवीस किलोची मुभा, भावाच्या घरचा स्प्रिंगचा काटा दाराच्या कडीला अडकवून आम्ही दोघी बॅग उचलतोय, तो सव्वीस दाखवतोय. लोणचं राहिलं. कोकम राहिलं. मी दिलेली साडी तिने बाहेर काढली आणि माझ्याकडे न बघता खुर्चीवर ठेवली. मग फोन वाजला. तिथल्या इटालियन सिस्टरचा आवाजी निरोप होता, लांबलचक, मधूनमधून कोंबड्या ओरडत होत्या. सिस्टरने दोनदा ऐकला.

"पंप," ती म्हणाली. मग फोन तोंडाशी धरून उत्तर दिलं, त्यातलं मला 'पोले, पोले साना' तेवढं कळलं.

फोन ठेवून तिने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने एक गोल काढला, आत दुसरा गोल काढला, आणि कपाटातली टेप घेऊन दोन्हींची मापं लिहिली.

"जांभळी नाक्याला हार्डवेअरवाले किती वाजता उघडतात?"

"दहा. कशाला?"

"चामड्याचे वॉशर. चार घेऊ. वजन काय, शंभर ग्रॅमही नाही."